काँक्रीटच्या खांबाला कार्बनचे वेष्टन : कोठे उपयोगी, कोठे व्यर्थ



मागील अंकात आपण खोडव्याच्या निगराणीविषयी वाचले. या अंकात विषय थोडा निराळा घेतला आहे. आमचे काम उसाचे, सिमेंट-काँक्रीटचे नव्हे, हे आम्ही जाणून आहोत. परंतु लागणीच्या नोंदीसाठी गावोगाव फिरताना गेल्या दोन-तीन हंगामांत एक प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारला जातो. "साहेब, खांबाला भेगा पडल्यात. गुत्तेदार म्हणायलाय, काळं कापड गुंडाळलं की खांब लोखंडावानी होतो, वर अजून एक मजला चढवता येतो. खरं हाय का?"

हे काळे कापड म्हणजे कार्बनच्या तंतूंचे विणलेले कापड. ते थोतांड नव्हे. जगभर पूल, दवाखाने आणि मोठ्या इमारती त्याने सावरल्या आहेत. परंतु प्रश्नातला दुसरा भाग, म्हणजे "वर अजून एक मजला", हा मात्र धोक्याचा आहे. उसाच्या बिलाचा एक अख्खा हप्ता त्या कापडावर घालण्यापूर्वी ते काय करते आणि काय करीत नाही, हे समजून घ्यावे एवढ्यासाठी हा पाठ. विषय बांधकामाचा असल्याने जाणत्या अभियंत्यांशी बोलून व पुस्तके चाळून आम्ही ही टिपणे केली आहेत.

वजन हाच पहिला शत्रू

आपल्या भागात घराच्या मजबुतीचे बोलणे निघाले की ते किल्लारीवर येऊन थांबते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जन आटोपून माणसे नुकतीच झोपली असताना, जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप दरवर्षी होतात. तरीही लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत जवळपास आठ हजार माणसे गेली. उदगीर किल्लारीपासून सरळ रेषेत साठ-सत्तर किलोमीटर. त्या पहाटे अंगणात धावत आलेली माणसे आज आपल्या सभासदांत आहेत, त्यांना आम्ही वेगळे काय सांगणार?

एवढी माणसे कशाने गेली? दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदाने. भिंत दोन-अडीच फूट रुंद दिसे, पण ती खरी एक भिंत नव्हतीच. बाहेरचा एक थर, आतला एक थर आणि मध्ये माती-दगडाची भर. दोन्ही थरांना आरपार सांधणारा लांब दगड घालण्याची रीत पुष्कळ ठिकाणी सुटली होती. जमीन हलताच भिंतीचे दोन्ही पापुद्रे दोन बाजूंना फुगले व पोटातली भर घेऊन कोसळले. 'फुगणे' हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

आता माळवदाचे वजन पाहू. दहा फूट बाय बारा फुटांची खोली, वर दीड फूट माती. हिशोब केला तर पावणेआठ टनांच्या आसपास भरतो. बैलगाडीत दीड-दोन टन ऊस धरला तर चार-पाच गाड्या ऊस डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो असे म्हणा ना! आणि भूकंपात इमारतीला बसणारा आडवा हिसका तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. जितके वजन अधिक तितका हिसका मोठा. जेथे माळवद लाकडी खांबांवर व तुळयांवर नीट तोललेले होते तेथे भिंती पडूनही छत काही वेळा उभे राहिले, हेही त्या वेळी पाहावयास मिळाले.

किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत जुन्या घरांची दुरुस्ती व मजबुती झाली. भिंतीत सांधदगड घालणे, कोपरे जाळी व सिमेंटने बांधणे, वरून सलग पट्टा फिरविणे अशी ती कामे होती. पुष्कळ लोकांनी मात्र एकच धडा घेतला : माती वाईट, स्लॅब चांगला. हा धडा अर्धाच आहे. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या. त्यांतील कित्येकांत खाली वाहने लावण्यासाठी मोकळे खांब व वर भरलेले मजले होते. आता आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतून एक चक्कर मारा. खाली दुकानांचे गाळे, समोरून सगळे शटर, वर दोन-तीन मजले राहते घर. सारा भार नऊ इंची खांबांवर. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचा धक्का बसून नांदेडपर्यंत जाणवला. तो लहान होता म्हणून भागले.

खांब कसा मरतो

काँक्रीटच्या खांबावर भार वाढत गेला की तो सरळ खाली दबून मरत नाही. तो आधी आडवा फुगतो. आत उभ्या बारीक भेगा पडतात, कड सुटते, वरचा थर ढासळतो, मग उभे गज बाहेरच्या बाजूला वाकतात आणि एका क्षणात सारे खाली येते. म्हणजे खांबाला फुगू न देणे हाच त्याला जगविण्याचा उपाय.

आपल्या साखर गोदामात हे रोज दिसते. सुटी साखर जमिनीवर ओता, ती पसरते. ढिगावर उभे राहून पाहा, पाय रुततो. तीच साखर पोत्यात शिवली की पोत्यावर पोते चढवून उंच थप्पी लागते. वजन तर साखरच पेलते. पोते वजन पेलीत नाही, ते मोकळे टाकले तर स्वतः उभेसुद्धा राहत नाही. पोते फक्त साखरेला पसरू देत नाही. कार्बनचे कापड खांबाला तेच करते, यापेक्षा अधिक काही नाही. हे एकदा मनात पक्के बसले की गुत्तेदाराच्या निम्म्या गोष्टींचा निवाडा आपला आपल्याला करता येतो.

काही सभासद बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा दाखला देतात. तो पुष्कळसा लागू आहे, पण एक फरक आहे. लोहार धाव तापवून चढवितो, ती निवताना आवळते, म्हणून चाक रिकामे उभे असतानाही धाव त्याला दाबून धरते. कार्बनचे कापड असे आधीपासून आवळलेले नसते. खांब फुगू लागेल तेव्हाच ते ताणले जाते आणि तेव्हाच त्याचे काम सुरू होते. तोवर ते स्वस्थ असते. म्हणून कापड सैल बसले, खाली हवेचे फुगे राहिले, तर खांब अर्धा फुटेपर्यंत त्याला जागच येत नाही.

हा विचार नवा नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये कॉन्सिदेर या अभियंत्याने काँक्रीटच्या आत लोखंडी तारेचा वेढा घालून त्याची ताकद वाढते हे दाखविले. १९२८ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात रिचर्ट व त्याच्या सहकाऱ्यांनी मोजमाप करून सांगितले की चहूबाजूंनी जेवढा दाब धरून ठेवावा त्याच्या सुमारे चौपट ताकद काँक्रीटमध्ये वाढते. आपल्या खांबातील रिंगा हेच काम आतून करतात, कार्बन बाहेरून करतो.

हे कापड कशाचे

साखर कढईत करपली की शेवटी जो काळा कोळसा उरतो तो बव्हंशी कार्बनच. तंतू करताना मात्र कच्चा माल असतो ॲक्रिलिकच्या जातीचा धागा, म्हणजे स्वेटरच्या लोकरीचा चुलतभाऊ. तो आधी दोन-तीनशे अंशांवर हवेत भाजतात आणि मग प्राणवायू नसलेल्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापवितात. बाकी सारे उडून जाते व कार्बनची तार उरते. १९६१ च्या सुमारास जपानमध्ये शिंदो या संशोधकाने या पद्धतीचा पाया घातला. विमाने व रॉकेट यांच्यासाठी हा माल आधी वापरला गेला.

वजनात तो पोलादाच्या चौथाईच्या आसपास, आणि ओढण्याच्या ताकदीत नेहमीच्या बांधकामाच्या गजाच्या सात-आठ पट. घरगुती कामात वापरले जाणारे कापड मिलीमीटरच्या पाचव्या-सातव्या हिश्शाइतके पातळ असते. ते इपॉक्सी नावाच्या चिकट राळेत भिजवून खांबावर चिकटवितात. १९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नजवळच्या इबाख पुलात रहदारीचे दिवे बसविताना भोक पाडणाऱ्या यंत्राने आतली ताणलेली केबल कापली गेली. दुरुस्तीला १७५ किलो पोलाद लागले असते, तेथे ६.२ किलो कार्बनच्या पट्ट्यांवर काम झाले. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबेचा भूकंप होऊन मोठमोठे रस्तेपूल आडवे झाले. त्यानंतर तेथे पुलांच्या खांबांना असे वेष्टन घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले.

एक अवगुण येथेच सांगून ठेवतो. लोखंड तुटण्यापूर्वी लांबते, वाकते, इशारा देते. कार्बन लांबत नाही. सहनशक्ती संपली की फटकन तुटतो.

साधे काँक्रीट आणि हलके काँक्रीट

वजन हा शत्रू म्हटल्यावर हलक्या काँक्रीटची गोष्ट आलीच. येथे आम्हाला गावोगाव बराच गोंधळ आढळला, म्हणून थोडे थांबून सांगतो.

साधे काँक्रीट घनमीटरला सुमारे २,४०० किलो भरते. हलके म्हणून जे विकले जाते त्याचे प्रकार वेगळाले आहेत. एक म्हणजे भिंतीचे पांढुरके सच्छिद्र ब्लॉक. ते घनमीटरला ६०० किलोच्या आसपास असतात, विटेच्या तिसऱ्या हिश्शाइतके. भिंत भरण्यास उत्तम, कारण खांबावरचा बोजा कमी होतो. पण तो खांब नव्हे, त्यावर तुळई टेकवू नये. दुसरा प्रकार गच्चीवरची भर : विटांच्या तुकड्यांचा कोबा किंवा कोळशाची खंगर घालून केलेले काँक्रीट. त्याचे काम उतार देणे व ऊन अडविणे, भार पेलणे नव्हे. तिसरा प्रकार खरे बांधकामाचे हलके काँक्रीट. त्यात खडीऐवजी भाजून फुगविलेल्या मातीच्या किंवा राखेच्या गोळ्या घालतात आणि वजन १,८०० किलोच्या आसपास वा त्याखाली येते. हे आपल्याकडे गावात सहसा होत नाही. मोठ्या शहरांतील उंच इमारतींत व पुलांत ते वापरतात.

आणखी एक. परळीच्या औष्णिक केंद्राची राख घातलेले सिमेंट वापरले की काँक्रीट हलके होते, असा काहींचा समज आहे. तसे नाही. राख सिमेंटमध्ये गेली तरी खडी तीच, वजन तेच.

आता या तिसऱ्या प्रकारच्या हलक्या काँक्रीटला वेष्टन घातले तर काय होते? साध्या काँक्रीटमध्ये खडी काळ्या दगडाची, अतिशय टणक. भेग पडते ती खडीला वळसा घालून जाते, त्यामुळे काँक्रीट आडवे चांगलेच फुगते, कापड ताणले जाते आणि दाब धरला जातो. हलक्यामध्ये गोळी स्वतःच पोकळ. भेग तिच्यातूनच आरपार जाते, गोळी आतल्या आत चुरते आणि काँक्रीट तेवढे फुगतच नाही. म्हणून कापडाला पूर्ण जाग येत नाही. साध्या काँक्रीटमध्ये जी वाढ सुमारे चौपट धरतात ती हलक्यामध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळते, असे १९८० च्या दशकात अमेरिकेत केलेल्या, तारेचा वेढा दिलेल्या खांबांच्या प्रयोगांत दिसून आले.

उदाहरणाने पाहू. गोल खांब, काँक्रीटची ताकद दर चौरस सेंटिमीटरला २०० किलो. एक फूट व्यासाच्या अशा खांबाला कापडाचे दोन थर नीट बसले, तर ते साधारण २० किलोचा दाब चहूबाजूंनी धरू शकतात असे समजा. साधे काँक्रीट २०० वरून २८० च्या आसपास जाईल. हलके २४० च्या आसपास. हे आकडे प्रयोगशाळेतल्या गोल खांबाचे. प्रत्यक्ष आराखडा करताना अभियंता यात बरीच काटछाट करतो, आणि ती केलीच पाहिजे.

मग हलक्या काँक्रीटला वेष्टन घालणे वाया जाते काय? नाही. हलके काँक्रीट उघडे असताना एकदा फुटले की क्षणात ढासळते. वेष्टनात ते फुटूनही जागेवर राहते, खांब डुलतो पण छत सोडत नाही. भूकंपाच्या वेळी घराबाहेर पडायला जे अर्धे मिनिट लागते ते यातून मिळते. आमच्या मते ताकदीच्या आकड्यापेक्षा हा गुण मोठा आहे, साध्या काँक्रीटच्या बाबतीतसुद्धा.

चौकोनी खांबाची अडचण

आता आपल्या घरांकडे येऊ. आपल्याकडे गोल खांब किती? देवळाच्या मंडपात किंवा बंगल्याच्या पुढच्या व्हरांड्यात एखादा. बाकी सारे नऊ बाय बारा, नऊ बाय अठरा. भिंतीत लपावा म्हणून खांब नऊ इंची.

गोल खांबावर कापड सगळीकडे सारखे दाबते. चौकोनी खांबावर ते फक्त कोपऱ्यांशी दाबते. मधली सपाट बाजू बाहेर फुगते आणि कापड तिच्याबरोबर फुगते. उसाची मोळी गोल असते ती उगाच नव्हे, चौकोनी मोळी कोणी बांधून दाखवावी! म्हणून कोपरे घासून गोल करावे लागतात, निदान अर्धा इंच, आणि इंचभर केले तर फार बरे. तसे न करता कापड गुंडाळले तर धारदार कोपऱ्यावर तंतू कापले जातात. लांबी रुंदीच्या दुपटीहून अधिक असेल तर भार पेलण्याची ताकद वाढविण्यासाठी वेष्टनावर भरवसा ठेवू नये असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका सांगतात. नऊ बाय अठराचा खांब नेमका त्या मर्यादेवर उभा आहे. तेव्हा असा खांब गुंडाळून वर मजला चढविण्याचा सल्ला देणाऱ्याला आधी गणित मांडायला सांगावे.

तंतूंची दिशाही पाहावी. खांबाला फुगू द्यायचे नाही तर तंतू आडवे, वेढ्यासारखे गेले पाहिजेत. तुळईच्या किंवा स्लॅबच्या पोटाला ताण येतो, तेथे ते लांबीच्या दिशेने लावतात. कापडावर बहुधा एकाच दिशेचे तंतू असतात, उलटे लावले तर ती नुसती काळी शोभा.

गंजावर वेष्टन नको

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत भूकंपापेक्षा गंज अधिक. खांबाला उभी भेग, पोपडे, तांबूस डाग. कारण बहुधा ठरलेले. गजावरचे आवरण पाऊण इंचसुद्धा नाही, काँक्रीटमध्ये मचूळ बोअरचे पाणी, आणि पाणी मारण्याचा कंटाळा. गंज चढला की लोखंड मूळच्या दुपटीहून अधिक जागा मागते व आतून काँक्रीट फोडते. बाहेरून धडधाकट दिसणारे काम आतून गंजाने कसे जाते याचे मोठे उदाहरण म्हणजे गोव्याचा मांडवी नदीवरचा पूल. खाऱ्या हवेत आतल्या केबली गंजून तो १९८६ साली कोसळला.

अशा खांबावर तसेच वेष्टन घातले तर गंज आत चालूच राहतो, आणि वाईट हे की आता तो दिसतही नाही. पू झालेल्या जखमेवर चिकटपट्टी मारावी तसे. प्रथम हातोडीने वाजवून पाहावे, जेथे बद्द आवाज येईल तेथले काँक्रीट गजाच्या मागेपर्यंत फोडून काढावे, गज घासून स्वच्छ करावा, फार झिजला असेल तर नवा जोडावा, गंजरोधक लेप द्यावा, चांगल्या मालाने भरून काढावे. मग वेष्टनाचा विचार. तपासणीची एक सोपी खूण आहे. नव्याने फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडले तर निरोगी भाग गुलाबी होतो. रंग आलाच नाही तर तेथल्या काँक्रीटचा क्षार संपला, गजाला संरक्षण उरले नाही असे समजावे. आपण मातीचा सामू पाहतो त्यातलाच प्रकार.

कार्बन लोखंडाला थेट लागला आणि ओल आली तर लोखंड अधिकच गंजते, म्हणून उघड्या गजावर कापड कधीही टेकवू नये.

काळ्या मातीतल्या पायाने घर खचले असेल, भिंतीत तिरक्या भेगा उन्हाळ्यात रुंदावत व पावसाळ्यात मिटत असतील, तर दोष पायात आहे. तेथे खांबाला काहीही गुंडाळले तरी उपयोग शून्य.

रोगाप्रमाणे औषध द्यावे याचा धडा कोयनेला मिळतो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना धरणाच्या वरच्या भागात आडव्या भेगा पडल्या. तेव्हा भेगा इपॉक्सीने भरल्या, वरून खाली पोलादी केबली ताणल्या आणि पुढे धरणाच्या पाठीला काँक्रीटचा भक्कम टेकू दिला. भेगेला भरण, ताणाला केबल, वजनाला टेकू. एकाच औषधावर कोणी भागविले नाही.

मग सभासदाने काय करावे

आमचे स्पष्ट मत सांगतो. गावातल्या एक-दोन मजली घराच्या खांबाला मजबुती हवी असेल तर बहुतेक वेळा काँक्रीटचे जाकीट बरे. जुन्या खांबाभोवती नवे उभे गज, जवळ जवळ रिंगा आणि चहूबाजूंनी चार इंच नवे काँक्रीट, पायापासून सुरू केलेले. खोलीत जागा जाते खरी, नऊ बाय बाराचा खांब सतरा बाय वीसचा होतो. पण माल आपल्याकडे मिळतो, काम आपल्या गवंड्याला कळते, उभा भारही ते स्वतः उचलते आणि आगीला घाबरत नाही. कार्बन चौरस मीटरमागे हजारांत जातो व कसबी माणूस मागतो. जेथे जागा नाही, थांबायला वेळ नाही, वजन वाढवायचे नाही, तेथे तो शोभतो : वाहता पूल, चालू दवाखाना, किंवा हंगाम तोंडावर आलेला असताना कारखान्यातला एखादा यंत्राशेजारचा खांब.

नवे घर बांधणाऱ्यांना तर याहून स्वस्त उपाय आहे. खांबाच्या वरच्या व खालच्या टोकाला रिंगा चार इंचांच्या आत घ्या आणि रिंगेची टोके १३५ अंशांत वळवून खांबाच्या पोटात घाला. काटकोनात वाकविलेली टोके हिसका बसताच उघडतात. हे काम करून घ्यायला गुत्तेदाराच्या डोक्यावर अर्धा दिवस उभे राहावे लागते, एवढाच मोठा खर्च.

आणि आपण ऊसवाले म्हणून एक सूचना खास आपल्यासाठी. काँक्रीटला साखरेचे वावडे आहे. पन्नास किलो सिमेंटमागे पन्नास ग्रॅम साखर गेली तरी काँक्रीट घट्ट व्हायला फार उशीर होतो, अधिक गेली तर ते धड जमतच नाही. जुने लोक चुन्यात गूळ घालीत, ते चुन्याला चालले, सिमेंटला चालत नाही. तेव्हा काकवीचे किंवा मळीचे पिंप नुसते खंगाळून बांधकामाच्या पाण्याला लावू नये. जमलेल्या काँक्रीटवर मळी सांडून राहिली तर तेही हळूहळू खाल्ले जाते.

ज्यांना अभियंत्याने तपासून कार्बनचेच काम सांगितले आहे त्यांनी लेखी दरपत्रकात या गोष्टी असल्याचे पाहावे : कापडाचे दर चौरस मीटरचे वजन, थर किती, कोपरे किती गोल करणार, आणि कापडाचा शेवट पहिल्या वेढ्यावर निदान सहा-आठ इंच चढविणार की नाही. ओल्या खांबावर काम करू देऊ नये. आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात राळ बादलीतच जमू लागते, म्हणून काम सकाळी लवकर किंवा हिवाळ्यात घ्यावे. राळ वाळल्यावर मडके वाजवून घेतो तसा सगळा खांब बोटाने किंवा नाण्याने वाजवावा. पोकळ वाजेल तेथे फुगा आहे, तो भरून घ्यावा.

इपॉक्सी साधारण साठ ते ऐंशी अंशांवरच नरम पडू लागते. म्हणून चुलीच्या, भट्टीच्या किंवा गुऱ्हाळाच्या जवळच्या खांबाला हे वेष्टन नको. आग लागून वेष्टन गेले तरी मूळ खांबाने रोजचा भार पेलला पाहिजे, अशा हिशोबानेच आराखडा करतात. मूळ खांबच तेवढा समर्थ नसेल तर वेष्टनाच्या भरवशावर घरात राहू नये. उन्हाने राळ खराब होते, यासाठी बाहेरच्या खांबावर गिलावा किंवा योग्य रंगाचा थर द्यावा. आणि गुंडाळलेल्या खांबाला खिळा ठोकू नये, कॅलेंडरसाठी नाही, दिव्याच्या तारेसाठी नाही. गोठ्यातल्या खांबाला दावे बांधायचे असेल तर गळ्यात दोर टाकून बांधावे, कडी बसवून नव्हे.